अण्णांच्या आठवणी: तुमच्याजवळ असेल ते लिहा

धाकटी मुलगी, नगर

येत्या फेब्रुवारीत अण्णांना जाऊन वर्ष होईल. मातीच्या दिवशी कितीतरी जण जवळ येऊन काही ना काही सांगत होते, पण त्यातलं माझ्या कानात काहीच शिरलं नाही. म्हणून ही विनंती. ज्याच्याजवळ जे असेल ते लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील. आईला मी रोज रात्री वाचून दाखवणार आहे.

ज्यांना ते उशिरा भेटले त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1962 ची चीनची लढाई संपली आणि अण्णा खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात भरती झाले. चोवीस वर्षांनी नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. त्यानंतर घर, चर्चची मंडळी आणि मागची तीन गुंठ्यांची बाग.

माझी आठवण पत्रांची. निळं अंतर्देशीय यायचं, पत्त्यात नुसता नंबर, युनिट आणि ‘56 ए.पी.ओ.’ हे लष्करी टपालघर. माणूस काश्मीरात आहे की पंजाबात, आईलाही कळायचं नाही. पण पत्राच्या तळाशी पेन्सिलीने आखलेली एक चौकट असायची आणि तिच्यात येणाऱ्या शनिवारांचे बायबलमधले शास्त्रपाठ लिहिलेले असायचे. शनिवारी रात्री आठ वाजता ते जिथे असतील तिथे तो अध्याय वाचणार, त्याच वेळी आम्ही घरी वाचायचा. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून ताई वाचायची आणि आई डोळे मिटून बसायची. डिसेंबर 1971 मध्ये तीन आठवडे पत्रच आलं नाही. शेवटच्या चौकटीत 91 वं स्तोत्र होतं. आईने तिन्ही शनिवारी तेच वाचायला लावलं. चौथ्या आठवड्यात पत्र आलं. वर खुशाली लिहिलेली, खाली चौकट. लढाईबद्दल एक अक्षर नव्हतं.

एक जुना रंगरूट, सातारा

तुमच्यासाठी अण्णा, आमच्यासाठी उस्ताद. 1976 ला मी खडकीला ट्रेनिंगला होतो आणि ते आमचे हवालदार इन्स्ट्रक्टर. माइन, म्हणजे जमिनीत पुरलेले सुरुंग, शोधायला त्यांनीच शिकवलं. पोटावर पालथं पडायचं, बाह्या वर करायच्या, आधी उघड्या हाताने गवतात तारा चाचपायच्या आणि मग प्रॉडर, म्हणजे टोचून बघायची सळई, मातीत घालायचा. तिरपा, साधारण तीस अंशांत. सरळ वरून टोचला तर दाब नेमका माइनच्या डोक्यावर पडतो, तिरपा गेला तर टोक कडेला लागतं. लागलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची, खूण करायची आणि पुढे सरकायचं. मागे पांढरी फीत अंथरत यायची, कारण त्या फितींमधूनच आपली माणसं आणि रणगाडे जाणार असतात.

मी घाई करायचो. ते शेजारी येऊन पालथे पडायचे आणि म्हणायचे, “पोरा, तू स्वतःसाठी वाट करत नाहीस. तुझ्या मागून दोनशे जण येणार आहेत.” 1971 च्या लढाईत शकरगडच्या आघाडीवर त्यांनी हेच काम रात्री, थंडीत, डोक्यावरून तोफांचे गोळे जात असताना केलं होतं. ते मला दुसऱ्यांकडून कळलं.

आणखी एक सांगतो. मंगळवारी मंदिर परेडला ते आमच्याबरोबर यायचे आणि ढोलकी वाजवायचे. अभंगाचा ठेका असा धरायचे की पंडितजी मान डोलवायचे. नाताळला आम्ही सगळी प्लॅटून त्यांच्या प्रार्थनेला मागच्या बाकांवर. त्यांना त्यात वेगळं काही वाटत नसे, आणि त्यांच्यामुळे आम्हालाही वाटलं नाही.

मोठा मुलगा, पुणे

सगळे चांगलंच लिहिणार. मी जे लिहितोय तेही चांगलंच आहे, पण सुरुवात चांगली नाही.

अण्णा पेन्शनवर आले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तोवर वर्षातून दोन महिने सुट्टीवर येणारा माणूस म्हणजे बाप. हा माणूस अचानक रोज घरात, पहाटे पाचला उठवणारा. आमचं जमेना. एकदा मी आईला उलटून बोललो आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि त्याच अबोल्यात पुण्याला होस्टेलवर निघून गेलो.

चार महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, वॉचमन सांगत आला की वडील आलेत. फाटकाशी अण्णा उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. म्हणाले, “उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे. तुझ्या मनात माझ्याबद्दल काही असताना मला तिथे हात पुढे करता यायचा नाही. चार महिने मी घेतलेलं नाही. माझं चुकलं. माफ कर.” मी सतरा वर्षांचा. काय बोलायचं ते सुचेना. मी पिशवी हातातून घेतली, एवढंच. ते लगेच संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेले.

‘वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर’, हे बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण त्यासाठी नगर ते पुणे एस.टी.ने जाऊन आपल्याच पोरापुढे उभं राहणारा बाप मी एकच पाहिला. आज माझा मुलगा सोळाचा आहे.

सून

मी हिंदू घरातली. लग्नाच्या वेळी सासरे फार कमी बोलले आणि पहिलं वर्षभर मला त्यांची भीती वाटायची. एका शनिवारी वाचन सुरू झालं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात निघाले. ते म्हणाले, “बस गं. ऐकलंस म्हणून तुझं काही जात नाही आणि नाही ऐकलंस तर माझं काही जात नाही. पण घरातलं एक माणूस आत भांडी घासतंय आणि आपण इथे प्रार्थना करतोय, हे मला बरं वाटत नाही.” त्या दिवसापासून भांडी वाचनानंतर, आणि विसळायला ते स्वतः. बाप्तिस्म्याचा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

मंडळीतला एक तरुण (आता तरुण नाही)

30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाटेचे चार वाजायला आले होते, लोक दमून झोपलेले. आमच्या मंडळीतून आम्ही बाराजण मदतीला निघालो आणि अण्णा आमचे म्होरके. तिकडची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. सगळं आतल्या माणसांच्या अंगावर बसलेलं. आम्ही पोरं दिसेल तो दगड ओढायला धावलो. अण्णा ओरडले, “खालचा दगड काढू नका! वरून काढा, एकेक.” मग सगळ्यांना गप्प केलं आणि ढिगाऱ्यावर आडवे होऊन कान लावला. असं दर अर्ध्या तासाने. आम्हाला जिवंत कुणी सापडलं नाही. सात प्रेतं काढली. अण्णांनी प्रत्येकाचा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, मगच नातेवाइकांना बोलावलं.

संध्याकाळी सामुदायिक चिता पेटल्या. भटजी नव्हता, कोणीच नव्हतं. एका म्हाताऱ्याने अण्णांच्या गळ्यातला क्रूस पाहून विचारलं, “तुमच्यात काय म्हणतात अशा वेळी?” अण्णा म्हणाले, “बाबा, तुमच्यात म्हणतात ते तुम्ही म्हणा. मी शेजारी उभा राहतो.” म्हातारा पुटपुटत राहिला आणि अण्णा टोपी काढून, हात जोडून, शेवटपर्यंत उभे होते.

पाळक

दफनविधीला मी 139 वं स्तोत्र का घेतलं, असं काहींनी विचारलं. अण्णांनीच सांगून ठेवलं होतं. इंजिनिअर्सच्या कोअरचं ब्रीद ‘सर्वत्र’. आकाशात गेलो, अधोलोकात अंथरूण टाकलं, तरी देवा तू तिथे आहेस, असं दाविदाचं ते स्तोत्र. ते म्हणायचे, “पाळकसाहेब, टोपीवरच्या बॅजमध्ये आणि शास्त्रात मला एकच शब्द मिळाला.” 18 नोव्हेंबरला, कोअर डेच्या सकाळी, तो जुना बॅज छातीला लावून ते चर्च झाडायला यायचे.

नातू, वय 19

आजोबा मला रणगाड्यांच्या संग्रहालयात चार वेळा घेऊन गेले. इतर मुलं रणगाड्यावर चढायला बघायची. आजोबा पाकिस्तानकडून पकडून आणलेल्या पॅटन रणगाड्यासमोर थांबायचे, त्याच्या साखळीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “यातही कुणाची तरी पोरं बसली होती.” बागेत तण काढतानाही खुरपं तिरपंच धरायचे. मला वाटायचं तीच पद्धत आहे. उस्तादांबद्दलचं वरचं वाचल्यावर आज कळलं.

पुन्हा धाकटी मुलगी

सगळं आईला वाचून दाखवलं. होस्टेलची गोष्ट तिला माहीतच नव्हती. त्या दिवशी ते तिला “बाजारात जाऊन येतो” म्हणून गेले होते.

एक गोष्ट मी अजून लिहिली नव्हती. पेन्शनवर आल्यावरही अण्णांची ती चौकट सुटली नाही, फक्त पत्रावरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आली. नवीन कॅलेंडर आलं की ते जानेवारीपासून एकेक शनिवार पेन्सिलीने भरत जायचे. गेल्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा जूनपर्यंतचे शनिवार भरलेले होते. आम्ही एकही चुकवला नाही. जूनच्या शेवटच्या शनिवारी 121 वं स्तोत्र होतं. पान उलटलं तर जुलै कोरा.

आई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पेन्सिल आण.” तिला ऐकून ऐकून सगळं पाठ आहे. आता ती अध्याय सांगते, मी चौकटीत लिहिते.