हॉस्टेलवरचा नाताळ: सांगली, मिरज, साताऱ्याकडचे तुमचे अनुभव लिहा

परवा पोराचा फोन आला. सांगलीत विश्रामबागेत राहतो, इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला पप्पा २६ ला पेपर पडलाय, नाताळाला यायचं जमणार नाही. बायको तेव्हा करंज्यांचं सारण परतत होती, तिनं तिथंच गॅस बंद केला आणि म्हणाली, आता कुणासाठी करू. मी काही बोललो नाही कारण मला एकदम १९९६ आठवलं. मी पण तेव्हा सांगलीतच, हॉस्टेलवर, असाच पेपरात अडकलेलो, आणि इकडं संगमनेरला आईनं पण असाच स्टोव्ह बंद केला असणार, फक्त तेव्हा फोन शेजाऱ्यांकडं होता त्यामुळं मला ते कळलं नाही.

आम्ही चौघं होतो. म्हणजे अख्ख्या हॉस्टेलात ख्रिस्ती पोरं चार, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत एकमेकांना पत्ता नाही. मग मी दिवाळीचा एक आकाशकंदील, कुणीतरी टाकून गेलेला, त्याच्या कामट्या सोडवून चांदणी बांधायला बसलो, पाच टोकांची. मेसमधनं पीठ आणून खळ शिजवली, लाल जिलेटिन लावला, आत झिरोचा बल्ब. खिडकीला टांगली तर रेक्टर खालनं ओरडले, "अरे दिवाळी होऊन किती दिवस झाले, कंदील उतरवा की!" म्हटलं सर, नाताळ आहे. ते जरा वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. वायर उघडी ठेवू नको."

त्या रात्री दारावर टकटक. मेकॅनिकलचा एक मुलगा, रोज जिन्यात दिसायचा पण कधी बोललो नव्हतो. दारात उभा राहून म्हणतो, "सलाम." संपलं. आमच्यात दोन ख्रिस्ती माणसं भेटली की सलाम म्हणतात, हे ज्याला माहीत त्यालाच माहीत. मग दुसरा आला, मग तिसरा, तो केरळचा, त्याला मराठी येईना आणि आम्हाला इंग्रजी बोलायची लाज. २४ च्या रात्री खोलीतच उपासना झाली, पेटी नाही तबला नाही, बादली उपडी घातली आणि ताटावर चमचा. केक मिळालाच नाही म्हणून भडंग.

तर शिकताना या भागात नाताळ काढलेल्यांनी लिहा. ख्रिस्तीच पाहिजे असं नाही, रूममेट लोकांनी पण लिहा. मोठं लिहा, कंटाळा करू नका.

रात्रपाळी

मी जालन्याची. मिरजेत नर्सिंग केलं, २००८ ते २०११. डॉ. वानलेसनी १८९४ ला मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासनं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव हे आमच्या घरी लहानपणापासनं ऐकलेलं, आत्या तिथंच शिकलेली. मी दुसऱ्या ठिकाणी होते पण नाताळाची पद्धत तीच, वॉर्डावॉर्डातनं गात जायचं. पूर्वी मेणबत्त्या घेऊन जायचे म्हणे, आमच्या वेळी ऑक्सिजनमुळं मेणबत्ती बंद, मग टॉर्चला लाल कागद रबरबँडनं लावायचो आणि युनिफॉर्मवर स्वेटर.

सीनियर सगळ्या मल्याळी. आवाज असे की अंगावर काटा, पण सगळी गाणी इंग्रजी नाहीतर मल्याळी. पुरुष वॉर्डात जतकडचे एक आजोबा होते, पाय प्लास्टरमधे वर टांगलेला. आमची दोन गाणी शांतपणे ऐकून घेतली आणि मग म्हणाले, "पोरींनो, आमाला कळंल असं कायतरी म्हना की." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मराठी मी आणि अजून एक अशा दोघीच. आम्ही आमच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, येशूजन्माचं एक भजन घेतलं, अभंगाच्या चालीवर म्हणतात ते. आजोबांनी दुसऱ्या ओळीला लोखंडी कॉटवर बोटांनी ठेका धरला. तिसऱ्या कडव्याला शेजारच्या कॉटवरचा पण सामील. संपल्यावर म्हणतात, "चाल आमचीच हाय की वो ही!"

माझी सीनियर मला विचारते काय म्हणाले ते, मी सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर वही आणली आणि मला एकेक ओळ म्हणायला लावून मल्याळी अक्षरात लिहून घेतली. पुढच्या वर्षी अख्खी बॅच ते भजन म्हणत होती. "ळ" आमच्यापेक्षा त्यांचा चांगला, हे आपलं सांगून ठेवते.

साताऱ्याची थंडी

रात्रपाळी ताई, आजोबा बरोबरच बोलले, चाल त्यांचीच आहे. ना. वा. टिळकांनी हेच तर केलं ना, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला पण अभंग, ओवी, कीर्तन काही सोडलं नाही, उलट तेच मंडळीत आणलं. आणि शेवटी शेवटी ते आमच्या साताऱ्यातच होते, १९१७ ला इथंच त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेला असो नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून. दोन वर्षांत गेले बिचारे, १९१९ ला. मला हे शाळेत कुणी सांगितलं नाही, शाळेत फक्त फुलांमुलांचे कवी.

माझा अनुभव सांगते. सदरबझारला पाच मुली खोली करून राहायचो, त्यातल्या तिघी ख्रिस्ती आणि तिघींचं चर्च वेगळं. मी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), एक कॅथलिक, आणि एक अशा मंडळीतली जिथं नाताळ पाळतच नाहीत. झालं, १ डिसेंबरपासनं वाद सुरू. ती म्हणायची २५ डिसेंबर बायबलात कुठंय दाखव. नाहीच आहे, दाखवणार कुठनं? बायबलातल्या मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांनी जन्म सांगितला पण तारीख एकानंही दिली नाही. रोममधे इ.स. ३३६ ची नोंद सापडते, सगळ्यात जुनी म्हणतात ती. मी हे सगळं वाचून तयारीत गेले तर कॅथलिक मैत्रीण म्हणाली, तारीख राहू दे, आधी गोठा, येशूजन्माचा देखावा, कुठं मांडायचा ते ठरवा, टेबल एकच आहे आणि त्यावर मिक्सर आहे.

गोठा शेवटी मिक्सरच्या खोक्यात मांडला. ती नाताळ न पाळणारी आदल्या रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन झोपली. साताऱ्यात डिसेंबरात पहाटे काय थंडी असते माहितीय ना, अजिंक्यताऱ्याकडनं वारा सुटला की खिडकी लावून पण उपयोग नाही. आम्ही दोघी रात्रीच्या उपासना आणि मिस्सा (कॅथलिकांची उपासना) करून दोन वाजता आलो, सहाला जाग आली तर ती स्टोव्हपाशी. चहा ठेवलेला, पाच कप. म्हणाली, "मी नाताळ पाळत नाही. चहा पाळते." आजही दर २५ ला सकाळी सहाला तिचा मेसेज येतो, फक्त कपाचं चित्र.

वाड्यावरचा

मी ख्रिस्ती नाही, धनगर. माण तालुका. सांगलीत बीएस्सी करत होतो, रूममेट ख्रिस्ती होता, कॉलेजातली सात-आठ पोरंपोरी दर शुक्रवारी कुणाच्या तरी खोलीवर प्रार्थनेला बसायची त्यातला. त्यांचं नाताळाला नाटक असायचं चर्चमधे. एका वर्षी मला म्हणाला मेंढपाळाला घोंगडं पाहिजे, तुझ्याकडं असंल ना. असंल ना म्हणजे काय, आमच्यात घोंगड्यावर जन्म आणि घोंगड्यावर मरण. पुढच्या रविवारी आणलं गावाकडनं, काळं, आज्ज्याचं.

तालमीला मला पण बसवलं. मेंढपाळ झालेली पोरं एकाच्या हातात प्लॅस्टिकची काठी, एकाच्या डोक्याला टॉवेल, आणि मेंढरू म्हणून कापूस चिकटवलेला पुठ्ठा. लय हसलो मी. मग त्यांच्यातल्या एका ताईनं लूकचा तो भाग वाचला, मेंढपाळ रात्री रानात राहून कळप राखत होते. ती पोरं विचारायला लागली एवढ्या रात्री रानात का बसली असतील. मी म्हटलं आवो बसणारच की, मेंढरं काय घरी नेऊन झोपवता का. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारा तळ, दिवाळी झाली की खाली उतरतो, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची रात्रभर, लेंडीखत पडतं, शेतकरी धान्य नाहीतर पैसं देतो. वाघर लावायची, म्हणजे जाळी, आणि एकानं जागायचं कारण लांडगं येतंय. बाप जागायचा, आय जागायची, मी पण जागलोय बारका असताना. एवढ्या रात्री जागं कोण असणार मग? मास्तर नाही, पाटील नाही. जागा धनगरच. म्हणून येशू जन्मल्याची बातमी त्यालाच कळली, सरळ आहे की.

सगळी गप्प. ती ताई म्हणाली हे तूच सांग २४ ला. मी म्हटलं येडी का काय, मी आणि चर्चमधे बोलू? पण बोललो. प्लॅस्टिकची काठी काढून टाकायला लावली, कुऱ्हाडीचा दांडा दिला एकाला. घोंगडं उबीला आणि वासाला एक नंबर, पहिल्या बाकावरच्या बायकांनी पदर नाकाला लावला. पास्टर नंतर भेटून म्हणाले तीस वर्षं या भागावर बोलतोय, लांडगा कधी डोक्यात आला नाही.

वडलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, बाळ जन्मलं ते बघायला गेली धनगरं, मग मेंढरांपाशी कोण थांबलं? याचं उत्तर मला अजून कुणी दिलं नाही. कुणाला माहीत असंल तर लिहा.

आडनावात काय

माझं छोटंच. आडनाव जाधव. कॉलेजात नाताळाची रजा टाकली तर क्लार्क म्हणतो "तुम्हाला कशाला?" मित्र म्हणतात तू ख्रिश्चन? मग तू असं मराठी कसं बोलतोस? हिंदी पिक्चरमधला ख्रिश्चन बघितलेला, हॅट घालणारा आणि "ए मॅन" म्हणणारा. त्यांना घरी जेवायला नेलं, आईनं चकली, शंकरपाळी, अनारसे पुढं ठेवले. एकजण हळूच विचारतो, "वाईन नंतर असते काय?" आई म्हणाली नंतर भांडी असतात, घासायला थांब.

मागचा बाक

सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. माझा अनुभव इतका बरा नाही. पहिल्या वर्षाला मी एका ग्रुपमधे जायचो, नाव सांगत नाही. सुरुवातीला खरंच आधार वाटला, सांगलीत कुणी ओळखीचं नव्हतं आणि मेसचं जेवण बाधून आठ दिवस पडलो तेव्हा त्यांनीच पेज आणून दिली, हे विसरणार नाही. पण डिसेंबरात प्रत्येकानं पुढं येऊन साक्ष द्यायची असं ठरलं, देवानं या वर्षी काय केलं ते सांगायचं. माझे वडील त्याच ऑगस्टमधे वारलेले. मी म्हटलं मला काही सांगायचं नाही. तर जो पुढारी होता तो म्हणाला विश्वास कमी पडतोय, उपास कर. सगळ्यांदेखत.

त्या २४ ला मी गेलो नाही, खोलीत दिवा बंद करून बसलो. रात्री साडेअकराला ग्रुपमधलीच एक मुलगी, तिच्याशी माझं कधी धड बोलणं पण नव्हतं, ती आणि तिचा भाऊ हॉस्टेलच्या गेटवर आले आणि मला खाली बोलावलं. म्हणाली आम्ही मागच्या बाकावर बसतो, तिथं कुणी काही विचारत नाही, चल. गेलो. खरंच कुणी काही विचारलं नाही. मी गायलो पण नाही, नुसता बसलो. ग्रुपमधे परत गेलो नाही, चर्चमधे मात्र जातो अजून, मागच्याच बाकावर.

कुपवाडकर

२०२० चा नाताळ कुणी लिहिलाच नाही. कॉलेज बंद, सगळे आपापल्या गावी, आणि मनपा हद्दीत २२ डिसेंबरपासनं रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी. मध्यरात्रीची उपासना संध्याकाळी ७ ला उरकली, मोजकीच माणसं, मास्क लावून. आमच्या कॉलेज फेलोशिपनं, म्हणजे प्रार्थनेच्या ग्रुपनं, गूगल मीटवर कॅरल, नाताळची गाणी, घ्यायचं ठरवलं. करून बघा कधी. आवाज मागंपुढं येतो, कोल्हापूरवाला पहिल्या ओळीवर तर जतवाली दुसऱ्या, आणि कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या. शेवटी असं केलं की एकानंच गायचं आणि बाकी सगळ्यांनी म्यूट करून आपापल्या घरी मोठ्यानं म्हणायचं. स्क्रीनवर सतरा तोंडं हलताना दिसतायत आणि ऐकू येतोय एकच आवाज, तो पण बेसूर, कारण पेटी वाजवणाऱ्याचंच नेट गेलेलं. आई बाहेरनं विचारतेय एकटाच काय ओरडतोयस.

धागा काढणारा

एवढं सगळे लिहितील वाटलं नव्हतं. वाड्यावरचे दादा, तुमच्या वडलांचा प्रश्न मी रविवारी मंडळीत विचारला, अर्धा तास वाद झाला, शेवटी एक म्हातारी म्हणाली बायका थांबल्या असतील, आणि कोण थांबणार. वडलांना कळवा.

बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिनं गॅस पेटवला. आता ठरलंय असं की २४ ला रात्रीच्या गाडीनं मीच निघतोय, २५ ला सकाळी सांगली, पोराला अभ्यासातनं दोन तास उठवायचं, चर्चला जाऊन यायचं आणि संध्याकाळी परत. डबा मोठा झालाय, साठ करंज्या आहेत, त्याच्या मजल्यावरच्या पोरांना धरून. हॉस्टेलला बाहेरचा डबा सकाळी आत सोडतात का, कुणी सांगू शकेल का?

आडनावात काय

सोडतात. वॉचमनकाकांना आधी चार द्या, आणि खोबऱ्याच्याच द्या, रव्याच्या ते परत करतात.