दोन तृतीयांश आमदार फुटले की अपात्रता टळते का?

धंतोलीकर: हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात पक्षांतरबंदीची चर्चा पुन्हा रंगते. आमच्या अभ्यासगटात दोन ठिकाणी घोडं अडलंय. दोन तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले की वाचतात, हे खरं का? आणि अपात्रतेच्या याचिकेवर निर्णय द्यायला विधानसभा अध्यक्षांना आता तीन महिन्यांची मुदत आहे का?

वऱ्हाडी वकील: भाऊ, फूट वेगळी आणि विलीनीकरण वेगळं. पक्षांतरबंदीचे नियम घटनेच्या दहाव्या अनुसूचीत आहेत. तिच्या परिच्छेद 3 मध्ये एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण होतं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं तो परिच्छेदच गेला. उरला परिच्छेद 4, आणि तो फक्त विलीनीकरणाचा. 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार 55. दोन तृतीयांश म्हणजे 36.67, म्हणून 37 लागतात, 36 चालत नाहीत. पण 37 जमूनही ते दुसऱ्या पक्षात विलीन झाले नाहीत, तर या परिच्छेदाचा उपयोग शून्य. शिंदे गटाचा दावा 'मूळ पक्ष आम्हीच' असा होता, तो यामुळेच. फुटीचा बचाव आता मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं याच शिवसेना प्रकरणातल्या 11 मे 2023 च्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

सदर_नागपूर: यात एक भर घालतो. मूळ पक्षही विलीन व्हायला हवा की आमदारांची संमती पुरते, यावर खरा वाद आहे. गोव्यात 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं 2022 मध्ये त्यांना अपात्र ठरवायला नकार दिला. दोन तृतीयांश सहमत असले की विलीनीकरण झालं असं मानायचं, हा त्याचा आधार. माझ्या मते हे वाचन चूक आहे. त्यानं पक्ष जागेवर राहतो आणि आमदार तेवढे पळवता येतात. परिच्छेद 3 काढून काय मिळवलं मग?

मुदतीचं असं: अनुसूचीत दिवस लिहिलेले नाहीत. 2020 च्या मणिपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साधारण तीन महिने ही मर्यादा सांगितली. 31 जुलै 2025 ला तेलंगणातल्या दहा आमदारांच्या प्रकरणात सरन्यायाधीश गवई यांच्या पीठानं तिथल्या अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय द्यायला सांगितलं. तो आदेश त्या याचिकांपुरता. महाराष्ट्रात 2023 च्या निकालात 'वाजवी वेळ' एवढंच होतं. मग न्यायालयाला 31 डिसेंबर 2023 ही तारीख द्यावी लागली, तीही वाढून 10 जानेवारी 2024 झाली.

वऱ्हाडी वकील: गोव्याच्या निकालाबद्दल तुमचं बरोबर, मी तो सोडायला नको होता.

कायदा_कट्टा: प्रत्यक्षात अपात्रतेची याचिका बहुतेक वेळा कागदांत अडकते. याचिकेवर सही आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लेखी प्रमाणन) लागतं, सोबतच्या प्रत्येक कागदावरही तेच. व्हिपचं, म्हणजे सभागृहात कसं मतदान करायचं या पक्षादेशाचं, तर विचारूच नका. तो काढणारा प्रतोद नेमायचा राजकीय पक्षानं, विधिमंडळ पक्षानं (म्हणजे आमदारांच्या गटानं) नव्हे; घटनापीठानं शिंदे गटाचे प्रतोद गोगावले यांची नियुक्ती याच कारणावरून बेकायदा ठरवली. आणि व्हिप बजावल्याचा पुरावा हवा. 10 जानेवारी 2024 ला अध्यक्षांनी ठाकरे गटाच्या आमदारांविरुद्धच्या याचिका फेटाळताना व्हिप प्रत्यक्ष हातात दिल्याचं सिद्ध होत नाही, असं कारण दिलं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका, तारीख-वेळेसह पोच सही घ्या. आणि मतदानानंतर पंधरा दिवसांत पक्षानं ते कृत्य माफ केलं, तर व्हिपभंगाचा मुद्दाच संपतो. त्यामुळे त्या काळात पक्षाकडून कुणी आमदाराला काही लेखी दिलं नाही ना, हे याचिकेआधी तपासा.