बेसबॉलमध्ये साठ होमरन मारले, तरी बक्षीस दुसऱ्यालाच?

जोशी काका (ए-२०४): आज पहाटे निकाल लागला. अमेरिकन लीगचा २०२५ चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू: न्यूयॉर्क यँकीजचा ॲरन जज. आमच्या सिॲटलचा कॅल रॅली दुसरा. ३० पत्रकारांपैकी १७ जणांचं पहिलं मत जजला, १३ जणांचं रॅलीला. मी आज वॉकला येत नाही.

पाटील (सेक्रेटरी): कोण रॅली काका? मला वाटलं आपल्या एजीएमबद्दल काहीतरी आहे.

जोशी काकू (ए-२०४): बेसबॉल हो. उन्हाळ्यात सिॲटलला मुलाकडे होतो ना, नातवाने स्टेडियमला काय नेलं, तेव्हापासून हे असंच चाललंय. सकाळी सात-दहाला मॅच लागते, चहा तिथेच द्यायचा.

वैशाली (बी-३०३): काका, रॅली काय करतो पण? बोलर आहे का?

जोशी काका (ए-२०४): कॅचर. आपल्या विकेटकीपरसारखा बॅट्समनच्या मागे बसतो, पण हाल त्याच्या दुप्पट. एका मॅचमध्ये पिचरचे, म्हणजे बोलरचे, दीडशेच्या आसपास चेंडू, दर चेंडूला उकिडवं बसायचं. चेंडू ताशी १५०-१६० किलोमीटरने येतो आणि बॅटला पुसटसा लागून वळला की थेट मास्कवर, खांद्यावर, अंगठ्यावर. कोणी बेस चोरायला, म्हणजे हिट नसताना पुढच्या टप्प्यावर पोचायला, पळाला तर बसल्या जागेवरून उठून जवळजवळ ३९ मीटर लांब सेकंड बेसला थ्रो. शिवाय पुढचा चेंडू कुठला टाकायचा हेही बहुतेक वेळा तोच सुचवतो. पूर्वी बोटांनी खुणा करायचे, आता बटणं दाबतात आणि पिचरच्या टोपीत आवाज येतो. मोसम १६२ मॅचचा, जवळपास रोज खेळ. म्हणून कॅचरने थोडीफार बॅटिंग केली तरी टीम खूष असते. या माणसाने ६० होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, मारले. साठ!!

अमेय (सी-६०१): काका, ६० भारीच आहेत, वाद नाही. पण ते सगळे कॅचर म्हणून खेळलेल्या दिवसांतले नाहीत. अधूनमधून तो नुसताच बॅटिंगला होता.

जोशी काका (ए-२०४): मान्य. पण १२० च्या आसपास मॅचमध्ये तो मागे बसला आहे रे. उरलेल्या दिवशी गुडघ्यांना आराम दिला असेल बिचाऱ्याने. याआधी कॅचरचा विक्रम ४८ चा होता, साल्वादोर पेरेझ, २०२१. दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचे ५४, १९६१ पासून कोणी हलवले नव्हते. सिॲटलच्या टीमचा विक्रम केन ग्रिफीचा ५६. एकाच मोसमात तिन्ही गेले. आणि ६० पर्यंत पोचलेले आजवर सात जण. त्यातल्या बाँड्स, मॅग्वायर, सोसा या तिघांच्या नावाभोवती उत्तेजकांचा वाद आहे, तेवढं सोड.

अमेय (सी-६०१): त्या सातांत जजपण आहे काका 😄 २०२२ ला ६२.

जोशी काका (ए-२०४): माहीत आहे.

वैशाली (बी-३०३): दोन्ही बाजूंनी म्हणजे डावखुरा आणि उजवा दोन्ही??

जोशी काका (ए-२०४): हो. वडील कॉलेज टीमचे कोच होते, त्यांनीच लहानपणी दोन्ही हातांची सवय लावली. जुलैत होमरनची स्पर्धा झाली अटलांटाला, तेव्हा चेंडू टाकायला वडील आणि मागे कॅचर म्हणून धाकटा भाऊ, १५ वर्षांचा. रॅली जिंकला. आजवर कुठल्याच कॅचरने ती स्पर्धा जिंकली नव्हती. त्याला सगळे ‘बिग डंपर’ म्हणतात. का, ते सोसायटीच्या ग्रुपवर सांगत नाही.

जोशी काकू (ए-२०४): नकोच सांगू.

अमेय (सी-६०१): आता जजचे आकडे बघा. सरासरी ०.३३१, अमेरिकन आणि नॅशनल, दोन्ही लीग मिळून पहिला. होमरन ५३. रॅलीची सरासरी ०.२४७. म्हणजे जज तीनांत एकदा हिट मारतो आणि रॅली चारांत एकदा. बॅटिंगमध्ये जज सरळसरळ पुढे आहे. तुम्ही सहानुभूतीवर मत देताय.

जोशी काका (ए-२०४): सहानुभूती नाही, हिशेब आहे. जज राइट फील्डला, म्हणजे उजवीकडे लांब, उभा राहतो. तिथे तासभर चेंडू आला नाही तरी चालतं. रॅलीने २०२४ ला प्लॅटिनम ग्लोव्ह मिळवलाय, म्हणजे लीगमधला त्या वर्षीचा सर्वांत चांगला फिल्डर, नुसत्या कॅचरांमधला नव्हे. कडेचा चेंडू पकडताना ग्लोव्ह अलगद आत आणायचा, अंपायरला स्ट्राइक, म्हणजे अचूक पडलेला चेंडू, वाटला पाहिजे. अशी एकेक स्ट्राइक मिळवून मॅच फिरते, पण स्कोअरकार्डवर कॅचरच्या नावापुढे शून्य. आकडे बघून मत देणाऱ्यांना हे दिसतं कुठे?

अमेय (सी-६०१): दिसतं, हल्ली तेही मोजतात. आणि २०२६ पासून डीआरएससारखं चॅलेंज येतंय, अंपायरला फसवणं कमी होईल.

जोशी काका (ए-२०४): चॅलेंज टीमला दोनच. बाकीच्या वेळी ग्लोव्हच बोलणार.

रेखाताई (बी-५०१): मला बेसबॉल कळत नाही, पण शाळेत इतिहास शिकवला आहे म्हणून लिहिते. कॅचर आणि विक्रम म्हटलं की जॉश गिब्सनचं नाव हवं. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला मोठ्या लीगने कधी घेतलंच नाही. बहुतेक कारकीर्द नीग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, खेळला. २० जानेवारी १९४७ ला गेला, अवघा ३५ वर्षांचा. ही वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला १५ एप्रिल १९४७ ला. तीन महिने! २०२४ मध्ये त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले, तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन ०.३७२ वर, तोवर पहिला असलेल्या टाय कॉबच्याही वर गेला.

जोशी काका (ए-२०४): रेखाताई, अगदी बरोबर. आणि होमरनचं तर आणखी अवघड. हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या संग्रहालयातल्या त्याच्या पाटीवर जवळपास ८०० लिहिलंय, अधिकृत नोंदीत २०० सुद्धा नाहीत, कारण गावोगावच्या मॅच त्यात धरतच नाहीत. त्यामुळे ‘कॅचरचा विक्रम’ म्हणताना मीही जरा जपूनच म्हणायला हवं.

पाटील (सेक्रेटरी): चर्चा चांगली आहे, पण टाकी सफाईमुळे उद्या १० ते २ पाणी नाही, हे सगळ्यांनी वाचलं का?

वैशाली (बी-३०३): वाचलं. काका, मग ही टीम जिंकली का शेवटी?

जोशी काका (ए-२०४): तेच तर दुखणं आहे. एमव्हीपीची मतं प्लेऑफच्या आधीच घेतात. त्यानंतर डेट्रॉइटविरुद्ध निर्णायक मॅच १५ इनिंग चालली, जवळपास पाच तास. रॅली पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे बसून होता. जिंकलो. मग टोरंटोशी मालिकेतली सातवी, शेवटची मॅच. रॅलीने होमरन मारला, ३-१ ने पुढे होतो, आणि सातव्या इनिंगला स्प्रिंगरने तीन रनचा होमरन मारला. ४-३. वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, एकदाही न खेळलेली दोन्ही लीगमधली एकमेव टीम म्हणजे सिॲटल. अजूनही.

अमेय (सी-६०१): ती मॅच मीपण बघितली, ऑफिस कॉल म्यूट करून. तेव्हा रॅलीसाठी खरंच वाईट वाटलं. पण मत जजलाच.

जोशी काका (ए-२०४): तू २०२१ चा रॅली बघितला नाहीस. ४७ मॅच, २ होमरन, सरासरी ०.१८०. पुढच्या वर्षी सुरुवातीलाच खालच्या टीममध्ये पाठवला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला शेवटच्या इनिंगला, दोन आउट, बदली म्हणून बॅटिंगला आला आणि होमरन. २००१ नंतर पहिल्यांदा टीम प्लेऑफमध्ये. मुलगा सांगतो, त्या रात्री सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही दुसरा विषय नव्हता.

अमेय (सी-६०१): ते २०२२ चं झालं. बक्षीस २०२५ चं आहे.

जोशी काका (ए-२०४): मार्चअखेर मोसम सुरू होतोय. सकाळी घरी ये, मग बोलू.

वैशाली (बी-३०३): काका, ओंकार कॅम्पमध्ये कीपिंग करतो ना, तो विचारतोय, दोन्ही हातांनी बॅटिंग आता अकराव्या वर्षी शिकता येईल का?

जोशी काका (ए-२०४): येईल की! संध्याकाळी पार्किंगमध्ये पाठव. मी चेंडू टाकतो.

पाटील (सेक्रेटरी): पार्किंगमध्ये टेनिस बॉलसुद्धा नाही. गेल्या एजीएमचा ठराव आहे काका, सूचक तुम्हीच होता.