परवान्याचं लॉक किती कडक असावं?

कर्वेनगरकर
आम्ही दोघं भागीदार गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. मेंटेनन्सची बिलं, थकबाकीवरचं व्याज, ताळेबंद. पुण्यात संस्था अमाप, मागणी भरपूर. पण एक परवाना घ्यायचा, ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर टाकायचा आणि वर ओळखीतल्या ऑफिसला पेनड्राइव्हवर द्यायचा, हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटतही नाही. एरवी रिक्षावाल्याचा रुपयाही न बुडवणारी माणसं हे करतात.

म्हणून माझं मत असं की लॉक हवंच, परवान्याशिवाय प्रोग्रॅम चालूच नये, आणि ते कडक हवं. नुसता सिरियल नंबर कुचकामी आहे, तो व्हॉट्सॲपवर फिरतो. आम्ही आता प्रत्येक ग्राहकाला परवान्याची वेगळी फाइल देणार आहोत. तिच्यात त्याचं नाव, मुदत आणि मशीनची ओळख असेल आणि त्यावर आमच्या खासगी कीने, म्हणजे फक्त आमच्याकडे असलेल्या गुप्त किल्लीने, केलेली डिजिटल सही असेल. प्रोग्रॅममध्ये असेल ती फक्त तिच्या जोडीची सार्वजनिक की. तिने सही तपासता येते, करता येत नाही. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी सही जुळणार नाही. शिवाय दर आठवड्याला प्रोग्रॅमने इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरकडे हजेरी लावायची. कायदा आमच्या बाजूने आहे, पण आपल्याच ग्राहकावर फिर्याद कोण करणार?

पेठेतला ऑडिटर
हजेरीला माझा ठाम विरोध. संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, ताळेबंद त्याआधी सभासदांच्या हातात पडायला हवा. ऐन त्या दिवसांत आमच्या एका मशीनचा मदरबोर्ड गेला. नवा बसवला, तर सॉफ्टवेअर म्हणे हे मशीन ओळखीचं नाही. तुमचं नव्हे, दुसऱ्या कंपनीचं. शनिवारची संध्याकाळ, मदतीचा फोन सोमवारी सुरू होणार. पूर्ण पैसे भरून मी हात चोळत बसलो. क्रॅक वापरणाऱ्याला असला त्रास नसतो, त्याच्या कॉपीतून लॉकच काढलेलं असतं. मग हा जाच नक्की कुणाला?

आणि उद्या तुम्ही दोघांनी धंदा बंद केलात तर? सर्व्हर गेला की माझ्या अशिलांचे हिशेब अडकले.

बायनरी
सहीची खोटी फाइल बनवता येणार नाही, हे खरं. पण क्रॅक करणारा सहीच्या वाटेला जातच नाही. ‘परवाना नसेल तर थांब’ हा निर्णय प्रोसेसरच्या पातळीवर एका जंपवर, म्हणजे ‘पुढे जा की दुसरीकडे वळ’ एवढ्या एका सूचनेवर, येऊन ठेपतो. ती सूचना बदलली की गणित कितीही पक्कं असो, तपासणीच होत नाही. डोंगलचंही, म्हणजे परवाना म्हणून कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या उपकरणाचंही, तेच झालं. आधी प्रिंटरच्या पोर्टला लागायचे, मग यूएसबीला, आणि दोन्हींचे एम्युलेटर, म्हणजे त्यांची नक्कल करणारे प्रोग्रॅम, निघाले. जे ग्राहकाच्या मशीनवर चालतं ते त्याच्या ताब्यात असतं.

तरी कर्वेनगरकर, तुमचा शत्रू क्रॅकर नाहीच. तुमचा शत्रू पेनड्राइव्ह आहे. त्याला सही केलेली फाइल पुरेशी आहे, हजेरीची गरज नाही. छापल्या जाणाऱ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी परवानाधारकाचं नाव येऊ द्या. दुसऱ्या ऑफिसचं नाव असलेली बिलं कोणता अकाउंटंट संस्थेत वाटेल?

एमसीएचा विद्यार्थी
मुळात किंमत हा प्रश्न आहे. छोट्या संस्थेला परवडत नाही म्हणून कॉपी होते. सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, खुला करा, सेवेचे पैसे घ्या.

कर्वेनगरकर
@विद्यार्थी, किंमत जास्त वाटली तर वही वापरा, लिबरऑफिसचं स्प्रेडशीट वापरा, ते फुकट आणि कायदेशीर आहे. परवडत नाही म्हणून आमचं उचलायचं, हे मला मान्य नाही. आणि खुल्या सॉफ्टवेअरचा जीपीएल परवानाही कॉपीराइटच्याच जोरावर उभा आहे. परवाना पाळायचाच नसेल तर तोही कोलमडतो.

शिवाजीनगर कोर्ट
कायद्याचा उल्लेख झाला म्हणून. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. ऑडिटरच्या ऑफिसला ती सवलत मिळणं कठीण. हक्क डावलण्याच्या इराद्याने लॉक तोडणं हा २०१२च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ६५-अ.

पण कलम ५२ही वाचा. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला बॅकअपसाठी कॉपी करायची मुभा आहे. मशीन बिघडल्यावर ती कॉपी चालणारच नसेल, तर त्या मुभेचा उपयोग काय?

कर्वेनगरकर
बिलावर नाव टाकायची सूचना घेतो. मशीन बदललं तर ग्राहकाने स्वतःच परवाना हलवायचा, फोन न करता, हेही करू. आठवड्याऐवजी ९० दिवसांनी हजेरी चालेल. पण हजेरी सोडणार नाही. ती सोडली तर एकच फाइल मशीन बदलल्याच्या नावाखाली दहा ठिकाणी जाईल आणि आम्हाला पत्ताही लागणार नाही.

पेठेतला ऑडिटर
९० दिवसांवर मी अडून बसत नाही. पण परवाना संपला किंवा तुमचा सर्व्हर बंद पडला, तरी जुने हिशेब उघडून पाहता आणि एक्सेलमध्ये काढता आले पाहिजेत. हे करारात लेखी देणार का?

कर्वेनगरकर
पाहता येतील, हे लेखी देतो. एक्सेलचं भागीदाराशी बोलावं लागेल.

पेठेतला ऑडिटर
मग बोला. तोवर माझी ऑर्डर थांबवा.