डब्ल्यू-४ भरताना: अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर

डब्ल्यू-४ वर (पगारातून किती आयकर कापायचा हे मालकाला सांगणारा फॉर्म) ‘एक्झेम्प्ट’, म्हणजे कर कापूच नका, असं लिहिलं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. नव्याने आलेल्यांनी ते अजिबात लिहू नका. करासाठी आपण ‘नॉनरेसिडेंट एलियन’ (एनआरए), म्हणजे तिथले रहिवासी न धरलेले परदेशी. आपल्याला ती मुभा नाही. लग्न झालेलं असलं तरी ‘सिंगल’च निवडा आणि स्टेप ४(सी)खाली ‘एनआरए’ लिहा.

खरं लक्ष पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) ठेवा. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) कराचे ६.२ आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) कराचे १.४५ टक्के आपल्याला पहिली ५ कॅलेंडर वर्षं लागत नाहीत (डिसेंबरात उतरलात तरी ते एक वर्ष धरतात). माझे तीन महिने कापले गेले होते. पेरोलवाल्यांना व्हिसाची कागदपत्रं दाखवली, तेव्हा परत मिळाले. लाजू नका, विचारा!

शिवाय भारत-अमेरिका कर-करारामुळे आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना १०४०-एनआर (एनआरएंचं वार्षिक कर-विवरणपत्र) भरताना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) मिळतं. ते सोडू नका.