भावाचं गॅमा नाइफ झालंय (मेंदूतला एव्हीएम), घरी काय काय सांभाळायचं? अनुभव हवेत

रातांबा
नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंड्याजवळचे. माझ्या धाकट्या भावाला (वय २९) मार्चमध्ये दुकानातच फिट आली, त्याआधी साधं डोकंसुद्धा कधी दुखलं नव्हतं. १०८ ने बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं आणि एमआरआयमध्ये एव्हीएम निघाला, म्हणजे मधल्या बारीक केशवाहिन्या नाहीतच, रोहिण्या थेट नीलांना जोडल्या जाऊन त्यांचा गुंता झालाय. ३ सेंटिमीटरपेक्षा लहान आहे पण बोलण्याच्या भागाजवळ, म्हणून डोकं उघडायला नको असं ठरलं आणि जूनअखेर मुंबईला नेऊन गॅमा नाइफ (डोकं न उघडता बाहेरून किरणांनी करतात तो उपचार) केलं.

दुसऱ्या दिवशी सोडलं, टाका नाही काही नाही, त्यामुळे वाड्यावर सगळ्यांना वाटतं की झालं, बरा झाला. पण आता सहा आठवडे होत आले तरी दुपारी चारला तो गळून जातो, उपचारावेळी डोकं हलू नये म्हणून फ्रेमचे स्क्रू लावले होते तिथे कपाळ अजून बधिर, अधूनमधून डोकं दुखतं, आणि चिडचिड तर इतकी की हा आपलाच मुलगा का असं आईला वाटतं. आई त्याला न्हाणीघरातही एकटं सोडत नाही. कोण म्हणतं मासे बंद करा, कोण म्हणतं उन्हात नको. त्यात चवथ (गणपती) तीन आठवड्यांवर आली, आरतीला घुमट (आमचं मातीचं वाद्य) तोच वाजवतो, पोरं विचारायला येतायत. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज लिहा.

म्हापशाचा_शुक्रवार
ताई, माझं स्वतःचं झालंय, पाच वर्षं झाली. पहिली गोष्ट घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा, कारण आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं: गॅमा नाइफने गुंता त्या दिवशी जात नाही. किरणांनी नसांच्या आतल्या अस्तराला इजा होते, मग भिंती हळूहळू जाड होत जातात आणि आतली वाट बंद होते, याला २ ते ३ वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत रक्तस्रावाचा धोका असतोच, एव्हीएमचा साधारण वर्षाला २ ते ४ टक्के म्हणतात. हे ऐकून माझ्या बायकोने रात्र रडून काढली, पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं जास्त शांत झालो, कारण कशाची वाट बघतोय ते तरी कळलं.

थकवा मला तीन महिने होता. बँकेत आधी अर्धा दिवस जायचो, साहेबांनी समजून घेतलं. कपाळाचा बधिरपणा आपोआप गेला. खरा त्रास नवव्या महिन्यात झाला, उजव्या हातातून पेन निसटायला लागलं, सही जमेना. मला वाटलं संपलं सगळं. एमआरआयमध्ये गुंत्याच्या आजूबाजूला सूज दिसली, किरणांनंतर सहा महिने ते दीड वर्षात अशी येऊ शकते म्हणाले. स्टिरॉइड दिलं, त्याने शुगर वाढली, भूक राक्षसासारखी, पण हात परत आला. म्हणून सांगतो, आता सगळं ठीक आहे म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका. आणि सहा महिन्यांच्या एमआरआयमध्ये गुंता तसाच दिसला तर उपचार फुकट गेला असं समजू नका, मी ती चूक केली आणि महिनाभर कुणाशी बोललो नाही. तीन वर्षांनी एमआरआय साफ आला, मग मांडीतून नळी घालून अँजिओग्राफी केली, बंद झालाय हे तिच्यातच पक्कं कळतं.

पांढरी_अबोली
मी नर्स आहे, २२ वर्षं नोकरी. तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, पण हे फ्रिजवर लिहून चिकटवा: अचानक कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखणं, उलट्या, हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं, गुंगी, यातलं काहीही झालं तर वाट न बघता १०८. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

चिडचिडीबद्दल विचारते, फिटची गोळी लेव्हेटिरासिटॅम आहे का? तिच्याने बऱ्याच जणांना असं होतं. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील, पण स्वतःहून एक डोससुद्धा बंद करू नका. डोकेदुखीला पॅरासिटॅमॉल चालते, ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखं काही विचारल्याशिवाय नको.

मासे खुशाल खाऊ दे हो, माशांचा आणि याचा काही संबंध नाही. दारू मात्र नको, आणि जागरण नको, झोप मोडली की फिटला निमित्त मिळतं. विहिरीवर, नदीत एकट्याने नको, माडावर-शिडीवर चढणं नको, स्कूटर तर न्यूरोलॉजिस्टने हो म्हणेपर्यंत अजिबात नाही, लायसन्सच्या फॉर्मवरही फिटचा प्रश्न असतो. न्हाणीघरात आईने उभं राहायची गरज नाही, आतून कडी लावू नको एवढं सांगितलं की पुरे, त्या मुलालाही जरा मोकळं वाटू दे.

घुमट वाजवायला मला तरी हरकत दिसत नाही, डॉक्टरांना विचारा. पण दहा घरांच्या आरत्या करत पहाट करायची नाही.

कुंकळ्ळीकर
सगळे एमआरआय सीडीवर घ्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर पण कॉपी ठेवा. आमच्याकडे पावसात फिल्म एकमेकींना चिकटून गेल्या, मुंबईला जुनं-नवं ताडून बघायला काही उरलं नव्हतं.

रातांबा
सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताई, गोळी तीच निघाली. काल फोनवर डॉक्टरांशी बोलणं झालं, सोमवारी दाखवायला बोलावलंय. घुमटाला हो म्हणाले, दहाच्या आत घरी या अटीवर. म्हापसेकर दादा, तुमचं लिहिलेलं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, नवव्या महिन्याचं वाचताना ती उठून आत गेली, पण नंतर येऊन स्वतःच कॅलेंडरवर मार्चवर खूण करून गेली. आणि आज न्हाणीघराची कडी काढून टाकलीय. पुढचा एमआरआय डिसेंबरमध्ये आहे, झाला की इथे लिहीन.