मदत हवी आहे: लेगो टेक्निकच्या उचलपुलात बेव्हल गिअर दात सोडतो

किल्ल्याच्या मॉडेलसाठी लेगो टेक्निकमध्ये उचलपूल केलाय. पूल 32 स्टड (लेगोचं माप, एक स्टड म्हणजे 8 मिमी) लांब, म्हणजे साधारण 25.6 सेमी, आणि 12 स्टड रुंद. मोटर, मग वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि 24 दातांचा गिअर, पुढे काटकोनात 12 व 20 दातांचे बेव्हल (तिरप्या कडांचे गिअर), आणि शेवटी बिजागरीचा एक्सल (दांडा). एकूण 40:1, म्हणजे मोटरचे 40 फेरे तेव्हा बिजागरीचा एक.

पूल आडवा असताना भार सगळ्यात जास्त, आणि नेमका तिथेच बेव्हल कटकट करून दात सोडतो. अर्धा उचलून दिला की पुढे सुरळीत जातो.

बेव्हलभोवती लिफ्टआर्मची (भोकं असलेल्या पट्ट्यांची) बंद चौकट करून झाली, बुश (एक्सलवर घट्ट बसणाऱ्या छोट्या कड्या) लावून एक्सलची सरक घालवली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. वजन प्रतितोलायला खाली जागा नाही. दोरी दिसायला नकोय, गोंद किंवा तुकडे कापणं तर नाहीच.

आता क्रम उलटा करायचा विचार आहे: बेव्हल मोटरजवळ, वर्म थेट बिजागरीवर. गुणोत्तर तेच, पण बेव्हलवरचा ताण कितीतरी कमी. अडचण जागेची. बुरुजात आतून फक्त 6 स्टड रुंदी आहे. 24 दातांचा गिअर वर्मपासून 2 स्टडवर बसतो, 40 दातांचा 3 वर, शिवाय वर्म एक्सलवर घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना आधार हवाच.

एकाच बुरुजात 40 दातांचा गिअर लावला तर 16 स्टडचा एक्सल पिळून पुलाची दुसरी बाजू मागे राहील का? की दोन्ही बुरुजांत 24 चे गिअर एकाच मोटरवर घ्यावेत, आणि तसं केल्यास दोन्हींचे दात जुळवून कसे बसवायचे?